पत्र्याच्या नळीतली साळुंकी

प्रिय केतन आणि मिनू,

या कागदांबरोबर पत्र्याची एक लांब नळी येते आहे. नळी तुमच्या आईसाठी आहे, कागद तुमच्यासाठी. केतन, तू चार वर्षांचा आहेस आणि मिनूला अजून वर्षही झालेलं नाही. तिकडे कॅनडात तुम्ही मराठी वाचायला कधी शिकाल ते मला माहीत नाही. घाई नाही. मी शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलं, हे इंग्रजीतही लिहिता आलं असतं. पण यातली माणसं ज्या भाषेत बोलली ती बदलली की माणसं खोटी होतात, आणि हा सगळा मजकूर खोटेपणाबद्दलच आहे.

तुमची आई, माझी नीला, दहा महिने मला पत्र लिहीत नव्हती. गेल्या आठवड्यात तिचं पत्र आलं. आत एकच ओळ होती : "ओरिजिनल पाठव. अप्पांनी बदललेली नकोत."

अप्पा म्हणजे तुमचे आजोबा. ते आता नाहीत, आणि ती त्यांच्यावर रागावली आहे. तो राग कुणावर असायला हवा, ते शेवटी लिहिलं आहे. पण मी शिस्तीची बाई, क्रमाने सांगते. सुरुवात वीस वर्षांपूर्वी मला क्षय झाला तिथून करते. तुमच्यापैकी कुणाला कधी लांबलेलं आजारपण आलंच, तर यातलं थोडं उपयोगी पडेल.

लाल शाई

तेव्हा आम्ही चिंचवड स्टेशनजवळ दोन खोल्यांत राहत होतो. रुळांच्या दोन्ही बाजूंना माळावर एकेक कंपनी उभी राहत होती. आजोबा मशीन बनवणाऱ्या एका कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होते, म्हणजे यंत्रांची ड्रॉइंग पारदर्शक कागदावर शाईने उतरवून घेणारे. ते चिखलीच्या शेतकरी घरातले, त्या घरातले पहिले नोकरदार. मी पुण्याची, मिशनच्या शाळेत शिकून बी.ए. झालेली. सासूबाई आमच्याजवळच असत. नीला पाच वर्षांची होती.

दोन महिने खोकला होता. संध्याकाळी अंगात कणकण भरे. एक दिवस खोकल्यानंतर रुमालावर तांबडा ठिपका दिसला. मी सहामाहीचे पेपर तपासत होते, वाटलं, बोटाची लाल शाई लागली. रुमाल धुऊन टाकला. असे तीन रुमाल मी धुतले. चौथा ठिपका दिसला तो रविवार होता. पेपर संपून आठ दिवस झाले होते.

छातीचा फोटो काढला. सासूबाईंना कळू नये म्हणून डॉक्टर माझ्याशी इंग्रजीत बोलू लागले. सासूबाई बाकावरून म्हणाल्या, "डाक्टर, टीबी म्हनलेलं मला बी कळतं. माझा धाकला दीर त्याच्यातच गेला. पोरीला हिच्यापासनं लांब ठिवायची का न्हाई, तेवढं सांगा."

डॉक्टर म्हणाले, "ठेवायची."

पुढे ते पुष्कळ बोलले. आता औषधं आहेत, माणसं बरी होतात, वर्ष-दीड वर्ष लागेल. मला तो एकच शब्द ऐकू आला होता.

निदानाच्या दिवशी मरणाची भीती वाटत नाही. ती नंतर येते. त्या दिवशी मी घरी येऊन माझं ताट, वाटी, तांब्या वेगळा काढला आणि ओळखायला तांब्याच्या गळ्याला लाल दोरा बांधला. नीला म्हणाली, "माझ्या पण तांब्याला बांध ना."

शपथ

निघायच्या सकाळी मी उंबऱ्याबाहेर उभी होते आणि नीला आत. मी तिच्या पाटीवर एक पक्षी काढला. एक गोल, एक त्रिकोणी चोच, दोन काड्यांचे पाय, डोळ्याभोवती एक कडं. मला चित्रकला येत नाही, एवढंच येतं.

"ही साळू. साळुंकी आहे. ही माझ्याबरोबर येणार, आणि तिकडे काय काय होतं ते तुला कळवणार."

"तू परत कधी येणार?"

"माहीत नाही."

"खोटं! मोठ्या माणसांना माहीत असतं."

"मला खरंच माहीत नाही, नीलू. साळू कधी खोटं बोलणार नाही. ती हसली तर हसलेली काढीन, रडली तर रडलेली."

"शप्पथ?"

"शप्पथ."

ती माझ्याकडे धावायला निघाली तेव्हा कळलं की सासूबाईंनी मागून तिचा फ्रॉक धरून ठेवला आहे. त्यांना तेव्हा मी मनात पुष्कळ बोलले. आज वाटतं, ते काम कुणीतरी करायलाच हवं होतं आणि माझ्याने झालं नसतं.

वॉर्डातला कागद घरात येऊ द्यायचा नाही, असंही सासूबाईंनी बजावलं होतं. कागदाने रोग पसरत नाही असं डॉक्टर म्हणाले, पण त्या ऐकेनात. तेव्हा आजोबांनीच वाट काढली. "तुझी चित्रं मी ऑफिसात ठेवीन. जेवणाच्या सुट्टीत ट्रेसिंगवर उतरवून घेईन आणि प्रिंट घरी नेईन. आमच्याकडं तसंच असतं. कारखान्यात प्रिंट जाते. ओरिजिनल कधी बाहेर जात न्हाई, आणि कधी फाडत न्हाई." मला ते पटलं. त्यांच्यासारखी रेघ त्या ऑफिसात कुणाची नव्हती.

खाट नंबर अकरा

छातीच्या रोगाचं ते इस्पितळ नदीपलीकडे होतं. लांब व्हरांडा, दोन्हीकडे खाटा, वारा खेळावा म्हणून सताड उघड्या खिडक्या. सकाळी थर्मामीटर, मग इंजेक्शन, मग चहा. घशाखाली उतरत नसत अशा जाड गोळ्या. प्रत्येकीच्या उशाशी झाकणाचा मग, थुंकीसाठी. शनिवारी वजन. दुपारी दोन तास निपचित पडून राहायचं, वाचायचंही नाही. गुरुवारी आणि रविवारी भेटीची वेळ. बारा वर्षांखालच्या मुलांना फाटकाच्या आत बंदी.

माझ्या शेजारच्या खाटेवर गंगूबाई होत्या, चाकणच्या अलीकडच्या एका वाडीतल्या. मी चित्र काढायला लागले की त्या मान लांब करून बघत.

"मास्तरीण, ह्ये काय गं? कोंबडी हाय का?"

"साळुंकी आहे."

"लई रडकी हाय तुझी साळुंकी. पोरीला पाठवायची ना? जरा हसती काढ की."

"पोरीला शब्द दिलाय. खरं तेच काढायचं."

"खरं!" गंगूबाई खोकून खोकून हसल्या. "खरं काढायचं तर माझ्या मालकानं दुसरी केली, त्ये काढ. त्याला घुबड कर. आन् तिला टिटवी."

मी काढलं. ते चित्र तेवढं नीलासाठी नव्हतं. गंगूबाईंनी ते उशीखाली ठेवलं आणि सिस्टरपासून वॉर्ड साफ करणारीपर्यंत सगळ्यांना दाखवलं.

वजनाच्या दिवशी बायका आधी तांब्याभर पाणी पिऊन येत, काटा पुढे दिसावा म्हणून. घरी जायची परवानगी वजनावर होती ना. मी साळूला पंखाखाली धोंडा लपवून काट्यावर चढवली. तिसऱ्या महिन्यात इंजेक्शनांनी माझा तोल जायला लागला, डावा कान वाजू लागला आणि हळूहळू गेलाच. मी भिंतीला धरून चाले. साळू एका पायावर कलंडलेली, डोक्याभोवती माश्या. पाचव्या महिन्यात थुंकीत जंतू अजून तसेच आहेत म्हणून कळलं. साळू तारेवर पाठमोरी बसली.

गंगूबाई आठव्या महिन्यात गेल्या. आदल्या दिवशी म्हणाल्या होत्या, "माझी चोच बारीक काढ बरं का, मी तरणी असताना बरी दिसत व्हते." दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला त्यांची गादी व्हरांड्याच्या कठड्यावर उन्हात टाकलेली होती. घरचं कुणी आलं नाही. मी साळू काढली, तिच्यासमोर रिकामी खाट, आणि डोळ्यातून पाण्याचे चार थेंब. मुलीला हे पाठवावं का, असा विचार दिवसभर केला. मग शपथ आठवली आणि चित्र आजोबांच्या हातात दिलं. त्यांनी कागदाची घडी केली.

मला तगवलं ते नीलाच्या उत्तरांनी. आजोबा दर रविवारी तिची चित्रं आणत. मी पाठमोरी साळू पाठवली की तिची साळू झोका घेत असे. रिकाम्या खाटेच्या चित्राला तिने हसणारी साळू आणि भलामोठा सूर्य पाठवला. मी ते छातीवर ठेवून पडून राहिले. मला वाटलं, सहा वर्षांची पोर, सगळं समजून मला धीर देते आहे.

कुंपण

एकदाच, दहाव्या महिन्यात, आजोबा तिला सायकलवर डबलसीट घेऊन आले. ती तारेच्या पलीकडे, मी व्हरांड्यात. मध्ये मैदान. ती वाढली होती, फ्रॉक आखूड झाला होता. तिने हातातला कागद फडकवला आणि ओरडून काहीतरी विचारलं. माझ्या कानात नुसती घंटा. मी हात हलवला. तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा हात हलवला आणि हसले.

पुढच्या गुरुवारी मी विचारलं, "काय विचारत होती हो ती?"

"लवकर बरी हो म्हनली," आजोबा म्हणाले.

घरी

चौदा महिन्यांनी मला सोडलं. आजोबांनी कंपनीतल्या मित्राची गाडी आणली होती. चाळीतल्या बायका दारात होत्या, पण कुणी पायरी उतरलं नाही. सासूबाईंनी मात्र माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळला आणि रडल्या. नीला त्यांच्या पदराआड उभी होती.

"नीलू," मी म्हणाले.

"आजी, तिला परत पाठव," ती म्हणाली.

लहान मुलं बिचकतात, असं सगळे म्हणाले. मीही आठ दिवस तसंच म्हणत राहिले. ती माझ्या हातचं खात नव्हती. वेणी घालायला गेले की मान काढून घेई. आजार संपला, असं कागदावर लिहून मिळालं होतं. मला मात्र इस्पितळातल्या सगळ्यात वाईट दिवसापेक्षा हे दिवस जड गेले. तिथे निदान कशासाठी जगायचं ते ठरलेलं होतं.

एका दुपारी मी हात धरून तिला समोर बसवली. "माझं काय चुकलं, ते तरी सांग."

ती म्हणाली, "तुला तिकडं करमत होतं. साळू रोज हसत होती. मी कुंपणापाशी विचारलं, घरी का येत नाहीस. तर तू पण हसलीस."

"साळू रोज हसत होती?"

तिने बिस्किटांचा डबा आणून माझ्यासमोर पालथा केला.

कोपऱ्यातली चौकट

प्रिंट काढताना अमोनिया वापरतात, त्याचा वास कागदांना अजून होता. चित्रं माझीच होती आणि नव्हतीही. रेघ सुंदर, सरळ, ठाम. काट्यावरच्या साळूच्या पंखाखाली धोंडा नव्हता, चोचीत फुगा होता. कलंडलेली साळू नाचत होती. पाठमोरी साळू वळून हसत होती. रिकाम्या खाटेवर एक दुसरी साळुंकी आरामात झोपली होती.

आणि प्रत्येक कागदाच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, एक छोटी चौकट. ड्रॉइंग ऑफिसात प्रत्येक कागदावर असते तशी. काढणार कोण, तपासणार कोण, आणि मूळ चित्रात काय बदललं. माणसाच्या हाताला लागलेली सवय. खोटं करतानाही त्यांनी नोंद केली होती, नखाएवढ्या अक्षरांत : "डोळ्यातलं पाणी काढलं." "चोच वर केली." "खाट भरली."

ते कामावरून आले तेव्हा डबा मी तसाच ठेवला होता.

"हे काय केलंत?"

ते बराच वेळ चपला काढत राहिले. "पोर पाच वर्षांची. तुझी पहिली दोन चित्रं दावली तर तीन दिवस जेवली न्हाई ती. काय करू मी? तिकडं तू, इकडं ही. एकाला तरी हसताना बघायचं व्हतं मला."

मी त्यांना तेव्हा जे बोलले ते इथे लिहीत नाही. घरात कोण कसा तग धरून आहे, हे आजारी माणसाला दिसत नाही. त्यांनी चौदा महिने सकाळी कंपनी, दुपारी ट्रेसिंग, आणि भेटीच्या दिवशी सायकलवर इस्पितळ केलं होतं. मी एकदाही विचारलं नव्हतं, तुम्ही जेवलात का.

दुसऱ्या दिवशी ते ऑफिसातून पत्र्याची नळी घेऊन आले. त्यात माझे सगळे कागद होते. एकही फाडला नव्हता.

मी नीलाला घेऊन बसले आणि एकेक उलगडला. ती बघत होती. रिकाम्या खाटेपाशी थांबली.

"ह्या खाटेवरचं कोण मेलं?"

"गंगूआजी."

"तू पण मरणार होतीस?"

"हो. मरू शकले असते."

ती उठून माझ्या मांडीत येऊन बसली. चौदा महिने आणि दहा दिवसांनी. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास होता. मी सुखाने डोळे मिटले आणि म्हणून मला दिसलं नाही की ती दारात उभ्या असलेल्या बापाकडे बघत होती. त्या दिवसापासून आजोबा काहीही म्हणाले की ती विचारायची, "अप्पा, हे ओरिजिनल का बदललेलं?" सर्कस येणार आहे म्हटलं तरी. परीक्षेत पास झालीस म्हटलं तरी. लोकांना ती थट्टा वाटे. ते हसत आणि म्हणत, "ओरिजिनल, बाई." लग्न होऊन विमानात बसेपर्यंत ती विचारत राहिली.

आजोबांचं आजारपण

गेल्या वर्षी आजोबांचं पोट दुखायला लागलं. डॉक्टरांनी उघडून बघितलं आणि काही न करता शिवून टाकलं. मिनू, तेव्हा तू आईच्या पोटात पाच महिन्यांची होतीस. आजोबा म्हणाले, "नीलाला एवढ्यात कळवायचं न्हाई. बाळंतपन हू दे." मी हो म्हणाले. नीलाला जाणाऱ्या प्रत्येक पत्राच्या तळाशी मी साळू काढत आले आहे. त्या पत्रांतही काढली. हसणारी.

पण दुपारी त्यांच्या उशाशी बसून मी खरी साळूही काढत होते. ती कुणाला पाठवायची नव्हती. मला दुसरं काही येत नव्हतं. काढून झाली की त्याच नळीत टाकायची.

एक महिना गेल्यावर एका दुपारी ते म्हणाले, "दाव."

त्या चित्रात मोठी साळुंकी पडून आहे आणि छोटी तिच्या चोचीत पाणी घालते आहे. त्यांनी पेन्सिल मागितली. मला वाटलं, सवयीने डोळ्यातलं पाणी खोडतील. त्यांनी उजव्या कोपऱ्यात चौकट आखली. तपासणाऱ्याच्या जागी सही केली, तारीख घातली. बदलाची जागा मोकळी सोडली.

"हे पाठव तिला," ते म्हणाले. "अजून विमानात बसता येईल तिला. मागं मी चुकलो. ह्या वक्ताला जसं हाय तसं जाऊ दे."

मी पाठवलं नाही.

कारणं माझ्याकडे भरपूर होती. सहावा महिना, इतका लांबचा प्रवास, केतन लहान. सगळी खरी. पण त्यांच्याखाली आणखी एक होतं. ती आली असती तर माझ्यासमोर कोसळली असती, आणि मला एकीलाच दोघांना सावरावं लागलं असतं. मला ते नको होतं. आजोबा रोज विचारत, "नीलाचं काय आलं का?" मी म्हणत असे, "पोस्टाला वेळ लागतो." शेवटच्या आठवड्यात त्यांनी विचारणं सोडलं. ती येत नाही, म्हणजे तिने अजून माफ केलं नाही, असं समजून ते गेले. मी ते त्यांना समजू दिलं.

मिनू, तू त्यानंतर तीन आठवड्यांनी जन्मलीस. आजोबा गेल्याची तार मी तू झाल्यावर केली. आजार लपवायला अप्पांनीच लावलं, असं तुमची आई समजली आणि तिची पत्रं थांबली.

तेव्हा राग कुणावर असायला हवा, ते आता लिहून झालं. शपथ माझी होती. त्यांनी मोडली ती पोर जेवत नव्हती म्हणून, आणि मोडताना कोपऱ्यात नोंद तरी ठेवली. मी तेवढंही केलं नाही.

तुमच्याआधी हे तुमची आईच वाचणार. वाचून ती मला पुन्हा लिहील की नाही, मला माहीत नाही. खरंच माहीत नाही.

नळी उद्या पोस्टात टाकते. झाकण घट्ट बसतं, पाठीमागून सुरीने उचकटायचं. वरचे कागद वॉर्डातले आहेत, पिवळे पडलेले. ते आपोआप बाहेर येतात. सहीचा कागद सगळ्यात आत, पत्र्याला चिकटून बसलेला असतो, आणि नळी रिकामी झाली असं वाटतं. आईला हात घालून तो काढायला लावा. तो राहू देऊ नका.

तुमची आजी